नाही म्हणणारा मध्यस्थ

जव्हारहून सुमारे वीस किलोमीटरवर दाभोसा आहे. लेंडी नदी येथे कड्यावरून सुमारे ३०० फूट खाली झेपावते. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तो धबधबा पाहण्यासाठी मुंबई, वसई, ठाणे, नाशिक अशा सर्व बाजूंनी कुटुंबे येतात. भाताची खाचरे, उतारावरची नागली-वरई, डोंगरावर उतरलेले ढग हे सारे पाहून परतताना गाडीत कोणीतरी म्हणतेच, “इथे एखादी छोटीशी जागा घेऊन ठेवली तर?” हे वाक्य ऐकणारा माणूस चहाच्या टपरीवर बहुधा हजर असतो. तो फोन नंबर देतो, पुढच्या रविवारी चार-पाच जागा दाखवण्याची तयारी दाखवतो आणि भाव असा सांगतो की मुंबईकराला तो आपल्या इमारतीतील गाडीच्या जागेपेक्षाही स्वस्त वाटावा. घराचा वा जागेचा मध्यस्थ निवडला जातो असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा असाच वाटेत भेटतो.

व्यापारी घरांत ही गोष्ट विशेष नवलाची वाटावी. दुकानात नवा पुरवठादार घ्यायचा असेल तर त्याची बाजारातील पत, त्याचा माल, उधारीची मुदत यांची चौकशी चार पेढ्यांवर होते. तेच कुटुंब आयुष्यभराची पुंजी ज्याच्या शब्दावर गुंतवते, त्या एजंटाविषयी मात्र ‘मेहुण्यांच्या ओळखीचा आहे’ किंवा ‘आपल्यातलाच आहे’ एवढे पुरेसे मानते. ओळख ही वाईट गोष्ट नाही. पण ओळखीचा माणूस प्रामाणिक असला म्हणून त्याला सातबारा वाचता येतो असे नाही, आणि सातबारा वाचता येणारा आपल्या बाजूचा असतो असेही नाही.

मध्यस्थ कोणाच्या बाजूचा आहे, हा प्रश्न भारतीय कायद्याला नवा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये अभिकर्ता, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा माणूस, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याच्यासाठी काम करायचे त्याला न सांगता, त्याची संमती न घेता अभिकर्त्याने त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा साधला, तर तो व्यवहार नाकारण्याचा अथवा त्यातून मिळालेला लाभ मागण्याचा हक्क मूळ मालकाला कलम २१५ आणि २१६ देतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या या तरतुदींची आठवण जागेच्या बाजारात क्वचितच काढली जाते. शेतकऱ्याला गुंठ्यामागे एक भाव सांगायचा, घेणाऱ्याला दुसरा सांगायचा, मधला फरक खिशात घालायचा आणि वर दोघांकडून दलालीही घ्यायची, ही रीत इतकी रुळली आहे की तिला कोणी अपराध म्हणत नाही, हुशारी म्हणतात. म्हणून मध्यस्थाला पहिल्याच भेटीत विचारण्याचा प्रश्न भावाचा नसावा. “या व्यवहारात तुम्ही कोणाचे, आणि तुम्हाला पैसे कोण कोण देणार आहे?” हा असावा. दोन्ही बाजूंचे काम करणे गैर नाही. ते दोन्ही बाजूंना ठाऊक असले पाहिजे. या प्रश्नावर जो रागावतो त्याने उत्तर दिलेच आहे असे समजावे.

दाभोशासारख्या गावी याहून मोठी गोष्ट दडलेली असते. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात संपूर्णपणे येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची ही भूमी आहे. जव्हार संस्थानाचे मुकणे राजघराणेही महादेव कोळी समाजातलेच होते. येथील बहुतेक शेतजमीन आदिवासी खातेदारांच्या नावे आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६ अ यांनी अशा जमिनीच्या हस्तांतरणावर कडक बंधन घातले आहे. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने वा गहाण द्यायची झाली तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा याहून लांब मुदतीचा पट्टा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांनी राज्य शासनाची पूर्वमान्यता घेऊन मगच परवानगी द्यायची असते. ‘पूर्व’ या शब्दावर येथे सारा भार आहे. आधी पैसे, मग कागद आणि शेवटी परवानगी असा क्रम या कायद्यात नाही. शिवाय हे बंधन खातेदाराच्या आदिवासी असण्याला जोडलेले आहे. त्यामुळे ते जव्हारपुरते मर्यादित नाही. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावातही आदिवासी खातेदाराच्या जमिनीला ते लागू होते.

परवानगीवाचून झालेला व्यवहार जिल्हाधिकारी चौकशीअंती अवैध ठरवू शकतात. मग ती जमीन शासनाकडे जाते आणि मूळ आदिवासी मालकाला ती परत घेण्याची संधी देण्याची तरतूद आहे. घेणाऱ्याने दिलेली रक्कम, घातलेले कुंपण, खोदलेली विंधन विहीर, बांधलेले दोन खोल्यांचे घर यांचे काय होते हे सांगायला तो टपरीवरचा माणूस त्या वेळी तेथे नसतो. त्याची दलाली विसार दिला त्याच दिवशी त्याच्या हाती पडलेली असते.

म्हणूनच दाभोशात मध्यस्थाची पारख अगदी सोपी आहे. धबधब्याजवळची आदिवासी खातेदाराची जमीन दाखवून “ही तुम्हाला घेता येणार नाही” असे जो आपण होऊन सांगतो, तो मध्यस्थ. “घेता येते, आपण करून देतो” असे जो म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे. तो कितीही ओळखीचा असो.

‘करून देतो’ या दोन शब्दांत चार-पाच जुन्या युक्त्या असतात आणि त्या ओळखून ठेवलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे मुद्रांक कागदावर नोटरीकडे साठेखत आणि सोबत कुलमुखत्यारपत्र. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले जात नाही, म्हणून हा आडमार्ग. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोडीने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. हा नियम शहरातील सदनिकेलाही लागू आहे, मग जेथे मुळात हस्तांतरणालाच बंदी आहे तेथे काय बोलावे! दुसरी युक्ती ९९ वर्षांच्या पट्ट्याची. वर सांगितल्याप्रमाणे पाच वर्षांपलीकडचा पट्टाही शासनाच्या मान्यतेवाचून चालत नाही. तिसरी सर्वांत घातक. गावातल्या किंवा शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या आदिवासी माणसाच्या नावावर जमीन घ्यायची, पैसे शहरातल्या कुटुंबाने द्यायचे आणि ‘आपला विश्वास आहे’ म्हणून एक कोरा कागद सही करून ठेवायचा. बेनामी व्यवहारांविषयीचा १९८८ चा कायदा १ नोव्हेंबर २०१६ पासून सुधारून कडक झाला आहे. त्यात अशी मालमत्ता जप्त होते, एक ते सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याचे नाव वापरले तोही त्यात अडकतो. बरेचदा त्या बिचाऱ्याला आपण कशावर अंगठा उठवला हेही नीट सांगितलेले नसते.

वनपट्ट्याचा प्रकार थोडा वेगळा. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण तो विकता येत नाही. जव्हार-मोखाड्यात असे पट्टेधारक पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे शासनाचा शिक्का असलेला कागद असतो आणि शिक्का पाहिला की शहरी माणसाला तो मालकीचा पुरावा वाटतो. तो मालकीचा नसून कसण्या-राहण्याच्या हक्काचा पुरावा आहे, एवढा फरक मध्यस्थाने समजावून सांगायचा असतो.

कायदा इतका कठोर का, हे जाणून घेतल्यावाचून त्याच्याकडे केवळ अडथळा म्हणून पाहिले जाते. या पट्ट्यात जमीन हातातून जाण्याचा इतिहास जुना आहे. सावकाराचे थोडेसे कर्ज, न वाचलेला दस्त, मध्ये बोलणारा एखादा चतुर माणूस, आणि पिढीजात खाचरे दुसऱ्याची होत. वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडे वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जो लढा उभारला, त्याच्या मुळाशीही जमिनीचा प्रश्न होता. महाराष्ट्राने १९७४ मध्ये दोन पावले उचलली. ६ जुलै १९७४ पासून हस्तांतरणावर आजचे बंधन आले, आणि त्यापूर्वी, १ एप्रिल १९५७ पासून, बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मान्य केली. हस्तांतरणाच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या असल्या तरी दोन्ही बाजू समान नसतात, हे या कायद्यांनी गृहीत धरले आहे.

ते आजही खोटे नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातील कितीतरी पाडे रिकामे होतात. माणसे भिवंडी, वसई, ठाणे या बाजूच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. परतून ज्या तुकड्यावर भात आणि नागली पेरायची तो तुकडा हीच त्या घराची खरी ठेव. आजारपण किंवा लग्न निघाले की त्याच्या दारी रोख घेऊन उभा राहणारा मध्यस्थ आणि शहरातील कुटुंबाला ‘मोक्याची जागा’ दाखवणारा मध्यस्थ हा पुष्कळदा एकच माणूस असतो. दोन्हीकडे तो निकड निर्माण करतो. शेतकऱ्याला सांगतो की उद्या कोणी विचारणार नाही. घेणाऱ्याला सांगतो की उद्या भाव दुप्पट होईल.

मग जव्हारकडे घर घेणे अशक्यच का? तसे नाही. जव्हार शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी बिगर-आदिवासी कुटुंबे आहेत, त्यांची घरे आणि बिनशेती जागा आहेत, आणि त्यांची खरेदी-विक्री रीतसर होते. चांगला मध्यस्थ घेणाऱ्याला धबधब्याच्या काठावरून उठवून तिकडे नेईल. तेथे दलाली कदाचित कमी मिळेल आणि दृश्यही तितके रम्य नसेल. बिगर-आदिवासीच्या नावावरची शेतजमीन असेल तर आणखी एक पायरी येते. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. सांगली-कोल्हापूरकडे मूळ असलेल्या अनेक जैन कुटुंबांची घरची शेती आहे. त्यांचा सातबारा येथे कामी येतो. मुंबईत तीन पिढ्या दुकानदारी केलेल्यांकडे तो नसतो. अशांना ‘शेतकरी दाखला काढून देतो’ म्हणणाराही भेटतो. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन पुढे चौकशीत सापडते आणि तेव्हा दाखल्यावर नाव घेणाऱ्याचे असते, काढून देणाऱ्याचे नसते. आणि खरा शेतकरी असला तरी आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे बंधन त्याच्यासाठी उठत नाही, हे सांगली-कोल्हापूरकरांनीही ध्यानात ठेवावे.

या सगळ्याची पहिली तपासणी घरबसल्या होते. गट क्रमांक मिळाला की महाभूलेखवर सातबारा पाहता येतो आणि अल्प शुल्कात डिजिटल सहीचा उतारा निघतो. त्यात खातेदाराचे नाव, भोगवटादार वर्ग एक की दोन, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यातील नोंदी पाहाव्यात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर कलम ३६ व ३६ अ चा शेरा बहुधा तेथेच असतो. मात्र शेरा नाही म्हणून बंधन नाही असे समजू नये. नोंद राहून गेली तरी कायदा लागूच असतो. त्यासाठी जुने फेरफार काढावेत आणि जमीन आजच्या मालकाकडे कोणाकडून व कधी आली ते मागे मागे जाऊन पाहावे. गट क्रमांक द्यायला जो मध्यस्थ टाळाटाळ करतो, ‘आधी टोकन द्या, मग कागद’ म्हणतो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे. टोकनाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवे की २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी आहे.

आणि जागा मे महिन्यात पाहावी. जुलैत दाभोसा स्वर्ग वाटतो. एप्रिल-मेमध्ये याच जव्हार-मोखाड्याच्या अनेक पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. फक्त पावसाळ्यातच जागा दाखवण्याची घाई करणाऱ्याला ते चांगले ठाऊक असते.

आता महारेराविषयी. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि मध्यस्थाला प्रथमच नोंदणीच्या चौकटीत आणले गेले. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका वा भूखंड विकणाऱ्या प्रत्येक एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी न करता काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड आहे आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीत हात घालण्यास एजंटाला मनाई आहे आणि ग्राहकाला सर्व कागदपत्रे मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य ठरवले आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. एजंटाचा नोंदणी क्रमांक ‘ए’ने आणि प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो, दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतात. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड देणे बंधनकारक आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर भूखंड पाडून विक्री चालली असेल तर त्या योजनेचीही नोंदणी लागते. तेव्हा ‘निसर्गाच्या कुशीत फार्महाऊस प्लॉट’ अशा रंगीत फलकावर ‘पी’चा क्रमांक आणि क्यूआर कोड दिसत नसेल, तर फलकाचा फोटो काढून पुढे जावे, फोन लावू नये.

महारेराचा क्रमांक आहे म्हणजे काळजी मिटली, हाही एक भ्रम आहे. हा कायदा प्रामुख्याने नव्या प्रकल्पांचा. जुन्या इमारतीतील सदनिकेची पुनर्विक्री आणि सुट्या शेतजमिनीचा सौदा त्याच्या कक्षेबाहेर राहतो, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचे व्यवहार नेमके हेच असतात. तरीही नोंदणीकृत एजंट घेण्यात शहाणपण आहे. ज्याला नोंदणी गमावण्याची भीती आहे तो थोडा जपून बोलतो. त्यापुढची हमी कायदा देत नाही. ती लेखी करारातून मिळवावी लागते.

विकण्याच्या बाजूचे धोके वेगळे आहेत. दाभोशाची जागा घेण्यासाठी पैसा येतो तो बहुधा भाईंदर, मुलुंड किंवा डोंबिवलीतील जुनी सदनिका विकून. येथे एजंट निवडताना कुटुंबे एकच चूक पुन्हा पुन्हा करतात: जो सर्वांत जास्त भाव सांगेल त्याला काम देतात. तो भाव एजंट देणार नसतो, गिऱ्हाईक देणार असते. काम मिळावे म्हणून फुगवून सांगितलेला आकडा तीन महिन्यांनी ‘बाजार पडला’ म्हणत खाली आणला जातो, आणि तोवर ‘ही सदनिका कोणी का घेत नाही’ अशी कुजबुज सुरू झालेली असते. भाव सांगण्याआधी जो सोसायटीचे भागप्रमाणपत्र, मूळ करारांची साखळी, कर्जफेडीचे पत्र आणि देखभाल शुल्काची थकबाकी यांविषयी विचारतो, तो कामाचा माणूस. त्याने सांगितलेल्या भावाच्या पुष्टीसाठी त्याच इमारतीतील वा शेजारच्या इमारतीतील अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांची सूची क्रमांक दोन दाखवावी. ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. त्यामुळे ‘मागच्याच महिन्यात इतक्याला गेली’ या वाक्याची शहानिशा पाच मिनिटांत होते.

चावी दहा जणांकडे देण्यापेक्षा एकाकडे, ठरावीक मुदतीसाठी, लेखी द्यावी. त्या कागदावर दलालीची टक्केवारी, ती केव्हा द्यायची आणि समोरच्याकडूनही तो घेणार आहे का, एवढे असावे. मुंबई परिसरात विक्रीवर साधारण एक ते दोन टक्के दलाली घेण्याचा प्रघात आहे. तो प्रघात आहे, कायद्याने ठरवलेला दर नाही. तेव्हा बोलणी करण्यास संकोच नको. दलाली विसाराच्या दिवशी पूर्ण मागितली जाते. ती नोंदणीच्या दिवशी द्यावी.

विक्रीच्या आणि खरेदीच्या एजंटांना एकमेकांचे काम ठाऊक नसते आणि त्या फटीत कराचा प्रश्न सापडतो. जुने घर विकून झालेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर वाचवायचा असेल तर ठरावीक मुदतीत दुसरे राहते घर घ्यावे लागते, अथवा तीन वर्षांत बांधावे लागते. नुसती मोकळी जमीन घेऊन ठेवल्याने ती सवलत मिळत नाही. ‘जागा घेऊन टाका, टॅक्सही वाचेल’ असे दाभोशाच्या वाटेवर ऐकू आले, तर जेथे रीतसर घर बांधताच येणार नाही तेथे तो कर कसा वाचणार, हे विचारावे. आणि हा प्रश्न एजंटाऐवजी सनदी लेखापालाला, सदनिका विकण्यापूर्वी विचारावा.

मध्यस्थाच्या निष्ठेचा प्रश्न आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षे घर विकणारा आपल्या एजंटाबरोबरच घेणाऱ्याच्या एजंटाचीही दलाली भरत असे. म्हणजे घेणाऱ्याला वाटे, आपला एजंट फुकट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिझुरी राज्यातील ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये तेथील रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देण्याची तडजोड मान्य केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधीच एजंटाने घेणाऱ्याशी लेखी करार करून आपला मोबदला स्पष्ट सांगावा असा नियम आला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घर पाहायला जाण्याआधीच सही करावी लागते, याचे प्रथम आश्चर्य वाटले असेल. वस्तुतः घर आवडण्यापूर्वी सही करणे हेच हितावह आहे. घर आवडल्यावर माणूस कशावरही सही करतो.

येथे मूळ दुखणे उघडे पडते. दलाली सौदा झाला तरच मिळते. म्हणजे ‘घ्या’ म्हणणाऱ्याला लाखभर रुपये आणि ‘घेऊ नका’ म्हणणाऱ्याला काहीच नाही. अशा व्यवस्थेत प्रामाणिक सल्ल्याची अपेक्षा करणे म्हणजे त्या माणसाने स्वतःच्या पोटावर पाय द्यावा अशी अपेक्षा करणे होय. दाभोशातील जागा दाखवायला जव्हारचा एखादा जाणकार एजंट दिवसभर हिंडतो, तलाठी कार्यालयातून फेरफार काढतो आणि संध्याकाळी सांगतो की पाचांपैकी एकही घेण्याजोगी नाही. त्याने त्या कुटुंबाचे दहा-पंधरा लाख वाचवलेले असतात, आणि कुटुंब त्याला चहा पाजून निरोप देते. पुढच्या गिऱ्हाइकाला तो ‘नाही’ का म्हणेल?

ज्यांना खरे उत्तर हवे त्यांनी त्या उत्तराचे पैसे द्यावेत. जागा पाहण्याआधीच एजंटाशी ठरवावे की कागद तपासून लेखी मत देण्याचे अमुक शुल्क, मत होकाराचे असो वा नकाराचे. सौदा झाल्यास ते दलालीतून वजा करावे. सोबत वकील स्वतंत्र असावा, एजंटाने आणलेला नसावा. तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेऊन दिलेल्या अहवालाचे त्याचे शुल्कही सौद्याशी बांधलेले नसावे. दोन्ही मिळून होणारा खर्च त्या जागेच्या किमतीपुढे किरकोळ असतो. जव्हारला अशी बोलणी मांडली तर प्रथम हसू येईल. दोन एजंट ‘असे कोणी देत नाही’ म्हणून उठून जातील. तिसरा थांबला तर त्याच्यासमोर गट क्रमांकाचा कागद ठेवावा आणि खातेदाराचे नाव मोठ्याने वाचायला सांगावे.